कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल: एक्सझेडची गोष्ट

स्क्रीनवर जे चाललंय ते तुम्ही कितीतरी वेळा बघितलं असेल. टारबॉल (प्रोग्रॅमच्या सोर्स कोडचं गाठोडं) डाउनलोड केला, मशीन तपासणारं कॉन्फिगर चालवलं, मग प्रोग्रॅम तयार करणारं मेक, मग तो बसवणारं मेक इन्स्टॉल, आणि ओळींवर ओळी भराभर वर सरकत जातात. आपण तेवढ्यात चहा घेऊन येतो, कारण या ओळी कोणी वाचत बसत नाही. २०२४ मध्ये कोणीतरी नेमकं इथूनच जगभरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये शिरायचा डाव मांडला होता.

लायब्ररीचं नाव एक्सझेड. काम एकदम साधं, फाइल कॉम्प्रेस करायची आणि परत उघडायची. पण लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर ती असतेच, आणि एवढी महत्त्वाची गोष्ट वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फिनलंडचा लासे कॉलिन. पगार नाही, टीम नाही.

२०२१ मध्ये जिया टॅन नावाचं एक अकाउंट पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवायला लागलं. छोटे छोटे, नीटनेटके, कामाचे पॅच. मग २०२२ मध्ये जिगर कुमार, डेनिस एन्स अशा नावांनी मेल यायला लागले, की काम किती हळू चाललंय, पॅच पडून आहेत, दुसरा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) का नेमत नाही. लासेने सगळ्यांसमोर सांगितलं की मानसिक आरोग्याचा त्रास बरेच दिवस चालू आहे, आणि हा बिनपगारी, हौसेचा प्रोजेक्ट आहे हेही लक्षात असू द्या. तरी तगादा चालूच. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग याच मेलचा येतो. दमलेल्या माणसाला अजून दमवायचं आणि मग मदतीला धावून आलेला माणूस म्हणून जियाने पुढे यायचं. २०२३ उजाडेपर्यंत त्याच्याकडे कमिट करायचे, म्हणजे कोडमध्ये थेट बदल टाकायचे, हक्क आले आणि थोड्याच दिवसांत रिलीजही तोच काढायला लागला.

आता बिल्डकडे, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होतो त्या टप्प्याकडे या, खरी करामत तिथे आहे.

२४ फेब्रुवारी २०२४ ला एक्सझेडचं ५.६.० आलं, ९ मार्चला ५.६.१. गिटमधला, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यातला, सोर्स कोड ओळ न् ओळ वाचला असता तरी कोणाला संशय आला नसता. टेस्टच्या फोल्डरमध्ये दोन कॉम्प्रेस्ड फाइली होत्या, त्यातली एक मुद्दाम बिघडवलेली, आणि कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत बिघडलेली टेस्ट फाइल असणारच ना, त्यात काय एवढं! बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा, त्याच फाइलींमध्ये होतं, पण त्याला हात लावणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, एक एम-फोर फाइल, जिच्यातला मजकूर कॉन्फिगरमध्ये जातो. ऑटोटूल्स या बिल्डच्या साधनांनी बनलेल्या टारबॉलमध्ये अशा जनरेट झालेल्या जादा फाइली नेहमीच असतात, त्यामुळे कोणी ढुंकूनही बघत नाही.

कॉन्फिगर चालवलं की ही फाइल त्या टेस्ट फाइलमधले बाइट अदलाबदल करून एक शेल स्क्रिप्ट बाहेर काढायची. ती स्क्रिप्ट आधी तपासायची की मशीन ६४ बिट इंटेल-एएमडी जातीचं आहे का, लिनक्स आहे का, डेबियन किंवा आरपीएमचं (लिनक्सवर प्रोग्रॅम वाटायचे दोन प्रकार) पॅकेज बनतंय का. सगळं जुळलं तरच पुढची फाइल उघडून तयार ऑब्जेक्ट फाइल (आधीच कंपाइल केलेला कोड) लायब्ररीत जोडली जायची. तुम्ही घरी सहज बिल्ड करून बघितलं तर सगळं स्वच्छ!

आणि हे सगळं एसएसएचसाठी, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीसाठी. ओपन-एसएसएच हा त्याचा नेहमीचा प्रोग्रॅम स्वतः एक्सझेड वापरत नाही, पण डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) त्याला सिस्टम-डीचा, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, पॅच लावायच्या, सिस्टम-डीची लायब्ररी एक्सझेडला ओढून आणायची, आणि अशा मागच्या दाराने ते एसएसएचच्या प्रोसेसमध्ये पोचायचं. ज्याच्याकडे बॅकडोअरची ती एक खाजगी की (गुप्त किल्ली), त्याला लॉगिन न करताच सर्व्हरवर कमांड चालवता आली असती.

पकडलं कोणी? अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. तो डेबियनवर वेगळंच काहीतरी मोजत होता आणि त्याला दिसलं की एसएसएच विनाकारण सीपीयू खातंय, लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याआधी व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलच्या विचित्र तक्रारीही त्याने पाहिल्या होत्या. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं, तो खणत गेला, आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सगळं जाहीर केलं. धोक्याचा स्कोअर दहापैकी दहा. तोपर्यंत ते डेबियनच्या टेस्टिंगमध्ये, फेडोरा रॉहाइडमध्ये, ओपन-सुसे टम्बलवीडमध्ये पोचलं होतं. नेहमीच्या वापराच्या स्टेबल आवृत्त्या वाचल्या. जिया टॅन नेमका कोण, हे आजवर उघड झालेलं नाही.

पुढची साफसफाई परत लासेवरच आली. जियाचे कमिट तपासताना सी-मेक या बिल्डच्या दुसऱ्या साधनाच्या फाइलमध्ये एक सुटा टिंब सापडला. लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय मशीनवर आहे का, हे बघायला तिथे एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल होतो, आणि त्या टिंबामुळे तो कधीच कंपाइल व्हायचा नाही, म्हणजे सुरक्षा गुपचूप बंद. बिल्ड मात्र व्यवस्थित पास! लासेने तो टिंब काढला, बॅकडोअरच्या फाइली काढल्या, आणि २९ मे २०२४ ला ५.६.२ स्वतः रिलीज केलं.