आरशासमोरचा वेळ

(दृश्य : बंद दार. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड.)

चौदा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी आहे. केस बांधले, सोडले, पुन्हा बांधले. बाहेरून हाक येते, "अगं, किती वेळ?" घरच्यांना वाटतं, हिचं नटणं काही संपत नाही. पण वर्गात शिरल्यावर कोण आपल्याकडे कसं बघेल, ते सगळे डोळे तिने आत्ताच आरशात आणून बसवलेत. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये या गर्दीला नाव दिलं : काल्पनिक प्रेक्षक. खरं तर वर्गातला जो तो आपापल्या प्रेक्षकांच्या काळजीत असतो. हे तिला सांगून भागत नाही. तिला ते ओझं खरोखर जाणवतं.

आठव्या वर्षी "तू कोण?" असं विचारलं असतं, तर तिने भराभर सांगितलं असतं, मला पोहता येतं, माझ्याकडे मांजर आहे. आता विचारांची झेप वाढली आणि नवीच पंचाईत झाली. मैत्रिणींत मी बडबडी, घरी घुमी, परक्यांपुढे लाजरी. मग यातली खरी मी कोणती? मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी किशोरवयीन मुलांना स्वतःचं वर्णन करायला लावलं, तेव्हा दिसलं की ही विसंगती चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त टोचते. त्याआधी ती फारशी लक्षातच येत नाही. पुढे मुलं तिच्याशी जुळवून घेतात.

(दृश्य : खोलीची भिंत. एक पोस्टर उतरतंय, दुसरं लागतंय.)

कधी गिटार, कधी कविता, कधी एकदम देवाधर्माची ओढ, तर कधी त्यावरूनच घरात वाद. मोठी माणसं म्हणतात, "याचं एक काही धड नाही." मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये 'मी कोण' ही ओळख जोखताना दोन गोष्टी पाहिल्या. पर्याय धुंडाळले का? आणि एखाद्या गोष्टीला मनापासून बांधून घेतलं का? धरसोड करणारं मूल यातलं पहिलं काम करत असतं. काही मुलं मात्र लवकरच ठाम होतात. घरचे सांगतात तेच मी करणार, विषय संपला. त्यांचं कौतुक होतं. निवड चुकीची असेलच असं नाही, पण ती त्यांनी स्वतः पारखलेली नसते. मला काळजी वाटते ती या शांत मुलांची.

मार्सिया यांच्या कामाचा पाया मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांचा. या वयात धुंडाळायला सवड हवी, निर्णयाला मुदत हवी, हे एरिक्सन यांनी आग्रहाने मांडलं. ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. जन्म १९०२ चा, जर्मनीतला. जन्मदाता कोण हे त्यांना कधीच कळलं नाही. सावत्र वडील हेच आपले वडील, असं लहानपणी सांगितलेलं. ज्यू घरातला हा उंच, निळ्या डोळ्यांचा मुलगा प्रार्थनास्थळी परका ठरायचा आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवला जायचा. शाळा संपल्यावर तो चित्रं काढत युरोपभर भटकला. पंचविशीत व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला आणि तिथे त्याला आपली वाट सापडली.

१९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी 'एरिक्सन' हे आडनाव स्वतः निवडलं. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते.