हॉकमॅनचा सुरा आणि केंड्राचं ‘नाही’

इजिप्तहून एक पार्सल येतं. कार्टर हॉल, म्हणजे कॉमिकमधला पंखवाला हिरो हॉकमॅन, ह्याला जुनी हत्यारं जमवायचा नाद असतो, तो ते उघडतो तर आत काचेचा सुरा. हात लागला आणि गडी बेशुद्ध, मग त्याला सगळं दिसायला लागतं. आपण कोणे एके काळी इजिप्तचा राजपुत्र खुफू होतो, शिएरावर आपला जीव होता, आणि हाथसेट नावाच्या पुजाऱ्यानं ह्याच सुऱ्यानं आपल्याला मारलं. शुद्धीवर येऊन बाहेर पडतो तर शहरात हलकल्लोळ, सबवेच्या रुळांत कुणीतरी करंट सोडलाय, लोकं जीव घेऊन पळताहेत, आणि त्या पळापळीत तीच मुलगी, शिएरा, त्याच्यासमोर येते. करंट सोडणारा डॉक्टर हॅस्टर म्हणजे तोच पुजारी, नवा जन्म घेऊन आलेला.

जानेवारी १९४०, फ्लॅश कॉमिक्सचा पहिला अंक. गोष्ट गार्डनर फॉक्सची, चित्रं डेनिस नेव्हिलची. ह्याच अंकात फ्लॅश पहिल्यांदा आला म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात, पण मला विचाराल तर त्या अंकातली खरी गोष्ट हॉकमॅनची आहे, कारण पळणारा हिरो कोणीही लिहील, पण दोघांचं प्रेम आणि त्यांचा खुनी असे तिघंही परत जन्म घेतात ही कल्पना लय मोठी आहे.

आता जरा काटोल रोडला जाऊ. नागपूरच्या माणसानं जुनापाणी पाहायलाच पाहिजे. माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, जवळपास तीनशे, महापाषाण काळातल्या लोकांनी आपली माणसं जिथे पुरली त्या जागा. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्यानं इथे खोदकाम केलं तेव्हा लोखंडी खंजीर निघाले, चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, घोड्याच्या तोंडातल्या कड्या निघाल्या. माणसाचं नाव गेलं, भाषा गेली, खंजीर राहिला. तो कोणाच्या कमरेला होता हे सांगणारं कोणी नाही, आणि तिथे उभं राहिलं की हा प्रश्न डोक्यातून जात नाही. कॉमिकमधल्या सुऱ्याची भीती वाटते ती ह्याचीच, त्याला सगळं आठवतं आणि हात लावणाऱ्याला तो ते आठवायला लावतो.

पुढे १९६१ मध्ये हॉकमॅनला थानागार ग्रहावरचा पोलीस करून टाकलं, नंतर दोन्ही गोष्टी एकत्र करता करता इतका गोंधळ झाला की वाचणाऱ्यानं डोकं धरावं, ते सोडून देऊ. एक चांगलं झालं. नंतरच्या लेखकांनी सांगितलं की खुफू आणि त्याच्या राणीला, म्हणजे शिएराला, वाळवंटात कोसळलेलं थानागारचं यान सापडलं, त्यात एन्थ मेटल होतं, गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा धातू, आणि काचेच्या नाही, त्याच धातूच्या सुऱ्यानं दोघांचा खून झाला म्हणून त्यांचे आत्मे एकमेकांना बांधले गेले. जन्मोजन्मी भेटायचं, जन्मोजन्मी मरायचं.

आपल्याकडे वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना सात जन्म हाच नवरा मागतात, त्यामुळे हे ऐकून आपल्याला पहिले छानच वाटतं. पण १९९९ मध्ये केंड्रा सॉन्डर्स आली न, तिथे माझा श्वास अडकला. ही तरुण पोरगी आपलं आयुष्य संपवते, आणि त्या क्षणी शिएराचा आत्मा तिच्या शरीरात येतो. ती उठते, पण शिएराच्या आठवणी तिला नाहीत. मग कार्टर परत येतो, त्याला सगळे जन्म पाठ आहेत, तो तिच्याकडे बायको म्हणून पाहतो. आणि ती त्याला ओळखतसुद्धा नाही.

चुकी त्याची म्हणावी तर तो हजारो वर्षं हिचीच वाट पाहतोय, आणि तिची म्हणावी तर तिनं काही कबूल केलेलंच नाही. ती त्याला नाही म्हणते. मागच्या जन्मीचं प्रेम ह्या जन्मीच्या पोरीवर उधारी म्हणून लादता येत नाही, हे एका पंखवाल्या हिरोच्या कॉमिकनं इतकं सरळ मांडलं, म्हणून मी हे सांगायला बसलो. २००२ च्या मालिकेत, जेफ जॉन्स आणि जेम्स रॉबिन्सन लेखक, रॅग्स मोरालेसची चित्रं, दोघं सेंट रॉक शहरात सोबत लढतात, पाठीला पाठ लावून. पण केंड्रा तिथे कार्टरसाठी आलेली नसते, तिला आपल्या आईवडिलांना कोणी मारलं ते शोधायचं असतं.