शेड उडू नये म्हणून

[दृश्य: बेळगाव, उद्यमबाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी. फौंड्रीच्या दारात कास्टिंग भरणारा ट्रक.]

निवेदन:
उद्यमबाग, मच्छे, होनगा. बेळगावातून कुठल्याही बाजूनं बाहेर पडा, कारखान्यांच्या शेडी लागतातच. एके काळी इथं दगडी भिंती, लाकडी कैच्या आणि वर खानापूरची कौलं असायची. आता नवं बांधकाम म्हणजे लोखंडी कॉलम, लोखंडी राफ्टर, म्हणजे छपराची तिरपी तुळई, आणि डोक्यावर पत्रा. आज आपण बघणार आहोत ते मात्र खाली, गुडघ्याच्याही खालच्या उंचीवर: कॉलमच्या तळाशी जोडलेली लोखंडी बेसप्लेट आणि पायातल्या काँक्रीटमधून तिच्यातून वर आलेले चार फाउंडेशन बोल्ट.

[दृश्य: बेसप्लेट जवळून. नट, वायसर, सिमेंटचे शिंतोडे.]

निवेदन:
या बोल्टांवर शेडचं वजन असतं, असा बहुतेकांचा समज आहे. खरं तर वजन कॉलममधून बेसप्लेटवर येतं आणि तिथून थेट काँक्रीटमध्ये उतरतं. बोल्टची खरी गरज लागते ती शेड वर उचलली जाते तेव्हा.

शेडमालक हसतात. "एवढं टनावारी लोखंड उभं केलंय, ते कुठं जातंय वो उडून?"

हिशेब करून बघू. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो भरतो. ताशी 120 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे 65 किलोचा दाब देतो आणि छपरावर त्यातला बराचसा भाग खाली दाबत नाही, वर ओढतो. त्यात समोरचं शटर उघडं राहिलं तर आत शिरलेला वाराही खालून छप्पर ढकलतो. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं इथं पत्रे उडतात ते याच गणितानं. पत्रा घट्ट बसवला की ती ओढ पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर जाते, पर्लिनवरून राफ्टरवर, राफ्टरवरून कॉलमवर. शेवटी ती येऊन थांबते ती या बोल्टांपाशी.

[दृश्य: हार्डवेअरचं दुकान. काउंटरवर वेगवेगळ्या मापांचे बोल्ट.]

निवेदन:
मग बोल्ट निवडायचा कसा? डोक्यावर कोरलेला किंवा बिलावर लिहिलेला ग्रेड आधी बघायचा. 4.6 म्हणजे पहिल्या आकड्याला शंभरानं गुणा: तुटण्याची ताकद 400. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून दहानं गुणा: 240, म्हणजे कायमचा ताणला जाण्याची हद्द. दोन्ही चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. 24 मिलिमीटरच्या बोल्टचं आट्यांतलं क्षेत्रफळ 353 चौरस मिलिमीटर असतं. 353 गुणिले 240, सुमारे 85 किलोन्यूटन. म्हणजे साडेआठ टनांच्या आसपास ओढ आली की हा बोल्ट लांबायला लागतो. डिझाइन करणारा इंजिनिअर आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे यातही सुरक्षिततेचा वाटा राखून ठेवतो.

साईटवर मात्र वेगळाच संवाद ऐकू येतो. "मालक, सळी पडलीच आहे की, आटे पाडून आणतो."

ही सळी म्हणजे टीएमटी. कारखान्यात गरम सळीवर पाण्याचा झोत मारून तिची बाहेरची साल कडक केलेली असते, आतला गाभा त्यामानानं मऊ. लेथवर आटे पाडताना नेमकी ती कडक साल कापली जाते. वर सळीवरच्या कंगोऱ्यांमुळे आटेही सलग पडत नाहीत. चार बोल्टांमागे वाचणारे पैसे शेडच्या किमतीपुढं काहीच नाहीत, तरी ही काटकसर सर्रास चालते.

[दृश्य: जमिनीवर मांडलेले बोल्ट. एक एल आकाराचा, एक जे आकाराचा, एकाच्या खालच्या टोकाला नट आणि चौकोनी प्लेट.]

निवेदन:
आकाराबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडं एल आणि जे बोल्ट फार वापरले जातात. गुळगुळीत रॉडचा खाली वाकवलेला आकडा जोरात ओढला की आकड्याच्या आतल्या बाजूचं काँक्रीट चिरडतं, आकडा हळूहळू सरळ होतो आणि बोल्ट उपसून येतो. खालच्या टोकाला नट आणि प्लेट असलेला सरळ बोल्ट असा फसत नाही. जिथं वर ओढ आहे तिथं तोच घ्यावा.

आता खोली. प्लेटचा बोल्ट ओढला तर त्याच्याबरोबर काँक्रीटचा एक सुळका तुटून वर येऊ पाहतो, आडव्या पातळीशी साधारण 35 अंशांचा कोन करून पसरणारा. बोल्ट 400 मिलिमीटर खोल असेल तर या सुळक्याचं तोंड वर 1200 मिलिमीटर रुंद होतं. आपलं पेडस्टल, म्हणजे बेसप्लेटखालचा काँक्रीटचा चौथरा, किती रुंद? बहुधा 450. म्हणजे अख्खा सुळका मावायला काँक्रीटच नाही! म्हणून बोल्ट पेडस्टलमधल्या उभ्या सळ्यांच्या जवळून पुरेसा खोल न्यायचा, म्हणजे ओढ त्या सळ्या घेतात, आणि वरच्या टोकाला रिंगा दाट बांधायच्या. बोल्ट जाड करून हा प्रश्न सुटत नाही.

[दृश्य: खोदकाम. एका फ्रेममध्ये काळी माती, दुसऱ्यात तांबडा जांभा.]

निवेदन:
बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया तिच्याखाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. खानापूरच्या बाजूला तांबडी जमीन आणि जांभा. पाया कुठंही असो, बोल्ट धरतं ते काँक्रीट. जांभ्याच्या चिऱ्यात ड्रिल मारून कॉलम उभा करायचा विचार मनातही आणू नये.

[दृश्य: पेडस्टलवर लोखंडी टेम्प्लेट. मिस्त्री दोरी ताणतो आहे.]

निवेदन:
बोल्ट बसवताना सगळा जीव या टेम्प्लेटमध्ये असतो. बेसप्लेटच्या भोकांप्रमाणं भोकं पाडलेली एक पट्टी. वर-खाली नट आवळून बोल्ट तिच्यात उभे करायचे. सेंटरलाइन ओळंब्यानं आणि दोरीनं, मोठ्या कामात टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं तपासायची. आट्यांना ग्रीस लावून वर प्लास्टिकचा पाइप घालायचा. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरचा धक्का बोल्टला लागू द्यायचा नाही आणि काँक्रीट घट्ट व्हायच्या आत मापं पुन्हा घ्यायची. ओल्या काँक्रीटमध्ये नंतर बोल्ट खुपसायचा, हा प्रकार तर बंदच करावा.

बोल्ट किती वर ठेवायचा तेही आधी मांडून घ्यावं. प्लेटखालची फट भरणारा मसाला, म्हणजे ग्राउट 40, प्लेट 25, वायसर 4, दोन नट मिळून 40, वर तीन आटे म्हणजे 9. सुमारे 120 मिलिमीटर. हे गणित न केल्यानं नट अर्धाच चढलेले कॉलम या भागात हवे तेवढे दाखवता येतील.

[दृश्य: गॅस कटर. बेसप्लेटचं भोक वाढवलं जात आहे.]

निवेदन:
बोल्ट इकडंतिकडं झाला की साईटवर दोन औषधं काढली जातात: बोल्ट तापवून वाकवायचा, नाही तर प्लेटचं भोक गॅसनं वाढवायचं. 8.8 ग्रेडची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेनं आलेली असते. तापवलं किंवा वेल्ड मारला की ती जाते. आधी डिझाइनरला फोन करावा. बहुतेक वेळा केमिकल अँकर, म्हणजे काँक्रीटला भोक पाडून रसायनानं चिकटवलेला रॉड, सुचवला जातो. 24 मिलिमीटरच्या रॉडला साधारण 28 मिलिमीटरचं भोक. त्यातली धूळ हवेनं फुंकायची, ब्रश मारायचा, पुन्हा फुंकायची, मगच रसायन भरायचं. धूळ राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं.

[दृश्य: क्रेननं कॉलम उभा होतो. दोन कामगार दोर धरून.]

निवेदन:
कॉलम उभा झाला आणि राफ्टर अजून यायचा आहे, हा धोक्याचा वेळ. अमेरिकेत 2001 च्या नियमानं प्रत्येक कॉलमला किमान चार बोल्ट सक्तीचे झाले. कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून 18 इंचांवर 300 पौंड, म्हणजे सुमारे 136 किलो वजन आलं तरी तो कलंडता कामा नये, अशी तिथं अट आहे. शिडी लावून वर चढलेल्या माणसाच्या जिवाचा हा हिशेब आहे. आपल्याकडं दोन बोल्टांवर उभे केलेले कॉलम आजही दिसतात.

कॉलम ओळंब्यात आला की प्लेटखाली न आकसणारं ग्राउट एकाच बाजूनं ओतायचं, म्हणजे हवा दुसरीकडून निघते. ग्राउट राहून गेलं तर कॉलम प्लेटखाली पातळीसाठी लावलेल्या नटांवरच लोंबकळत राहतो. नट पान्यानं नेहमीच्या जोरात आवळले की पुरे. पाइप लावून दोघांनी लटकायचं काम नाही.

[दृश्य: जांबोटी रस्ता, पाऊस. शेडच्या कडेला साचलेलं पाणी.]

निवेदन:
जांबोटी, खानापूरकडच्या पावसात पेडस्टलचा माथा फरशीपेक्षा 150 मिलिमीटर तरी वर हवा, नाही तर पाणी प्लेटभोवतीच साचतं. इथं जस्त चढवलेले बोल्ट घ्यावेत आणि नटही त्याच जोडीतले. जस्ताच्या थरासाठी त्या नटांचे आटे थोडे मोठे कापलेले असतात. दुकानातला साधा नट त्यावर चढत नाही. जबरदस्तीनं चढवला तर जस्त खरवडून निघतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.