बोरा निघून गेल्यावर मागे काय उरलं

(कतारमधल्या दोह्यातील मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

आज मी एका फुटबॉल प्रशिक्षकाबद्दल बोलणार आहे आणि शेवटी आपल्या कोकणातल्या मुलांसाठी तुमच्याकडे काही मागणार आहे. मागणं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐकताना तेही मनात राहील.

प्रशिक्षकाचं नाव बोरा मिलुटिनोविच. दोह्यातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असतील, कारण २००४-०५ मध्ये ते इथल्या अल सद्द क्लबकडे होते. १९४४ साली सर्बियात, द्रिना नदीच्या काठी बायिना बाश्ता नावाच्या लहानशा गावात जन्म. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाइकांनी वाढवलं. तिघे भाऊ, तिघेही बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळले. बोरा पुढे स्वित्झर्लंड, फ्रान्स करत मेक्सिकोला पोचले, तिथल्या पुमास संघातून खेळले आणि त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. तिथून त्यांचा खरा प्रवास सुरू झाला. १९८६ मेक्सिको, १९९० कोस्टा रिका, १९९४ अमेरिका, १९९८ नायजेरिया, २००२ चीन. पाच विश्वचषक, पाच वेगळे देश. पाच देशांना विश्वचषकात घेऊन उतरलेला दुसरा प्रशिक्षक म्हणजे ब्राझीलचे कार्लोस आल्बेर्तो परेरा.

मला सगळ्यात जास्त भावते ती कोस्टा रिकाची गोष्ट. लोकसंख्येने छोटा देश, पहिलाच विश्वचषक, आणि स्पर्धा तीनेक महिन्यांवर आलेली असताना बोरा तिथे आले. इतक्या थोड्या वेळात कुणाला नवा खेळ शिकवता येत नाही. समोर आहेत ती माणसं नीट ओळखायची आणि ज्याला जे जमतं त्याला तेच करायला सांगायचं, एवढंच हातात असतं. इटलीत त्यांनी स्कॉटलंडला १-० हरवलं, ब्राझीलकडून फक्त एका गोलने हरले, स्वीडनला २-१ हरवलं आणि बाद फेरी गाठली. तिथे चेकोस्लोव्हाकियाने ४-१ अशी धूळ चारली. पण परतलेल्या संघाचं गावाकडे झालेलं कौतुक जगज्जेत्यांसारखं होतं.

अमेरिकेत तर तेव्हा पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीगसुद्धा नव्हती, ती १९९६ मध्ये सुरू झाली. मग खेळाडूंना कॅलिफोर्नियात एकत्र ठेवून महिनोन् महिने सराव. त्या संघाने १९९४ ला कोलंबियाला २-१ हरवलं, १९५० नंतरचा अमेरिकेचा विश्वचषकातला पहिला विजय. नायजेरियाने १९९८ मध्ये स्पेनला ३-२ हरवलं आणि गटात पहिला आला. त्याआधी काही महिने काय झालं होतं ठाऊक आहे? बोरांनी मेक्सिकोला त्याच विश्वचषकासाठी पात्र करून दिलं होतं, आणि तरीही त्यांना काढून टाकलं गेलं. आपल्यापैकी कंत्राटावर काम केलेल्या प्रत्येकाला हे कळेल. काम नीट झालेलं असतं, तरी बॅग भरावी लागते. ते दुसरीकडे गेले आणि कामाला लागले.

आता चीन. २००१ च्या ऑक्टोबरात शेनयांगला ओमानला १-० हरवून चीन पहिल्यांदा विश्वचषकात पोचला. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र तिन्ही सामने हरला आणि एकही गोल झाला नाही. त्यानंतर पुरुषांच्या विश्वचषकात चीन पुन्हा दिसलेला नाही. यात बोरांचं अपयश मला फारसं दिसत नाही. दोन-अडीच वर्षांसाठी आलेला माणूस संघ बांधतो. गावोगावच्या शाळेतला फुटबॉल तो बांधू शकत नाही. ते काम तिथेच राहणाऱ्याचं.

त्या तीन पराभवांतला पहिला होता कोस्टा रिकाकडून, २-०. आणि कोस्टा रिकाचे प्रशिक्षक होते अलेशांद्रे गिमारायस, १९९० च्या बोरांच्या संघातले खेळाडू! मला हा सामना बोरांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा वाटतो, हरलेला असूनही. बारा वर्षांपूर्वी ज्याला खेळवलं तो आता समोरच्या बाकावर संघ घेऊन बसलाय. हेच गिमारायस पुढे आपल्या मुंबईत आले. २०१६ ला मुंबई सिटी त्यांच्या हाताखाली आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, साखळीत अव्वल ठरली. बेलग्रेडहून निघालेली विद्या मेक्सिको, कोस्टा रिका करत अंधेरीच्या मैदानापर्यंत आली.

मुंबईपर्यंत आली, कोकणात नाही उतरली.

मी शिरोड्याकडचा. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा, तिथे वाड्यावाड्यावर फुटबॉल. त्या बाजूला आर्मांदो कुलासोंसारखे प्रशिक्षक घडले, ज्यांनी गोव्यात राहूनच धेंपो क्लबला देशातली पाच विजेतेपदं मिळवून दिली. अलीकडे, आपल्या बाजूला, मुलं ओहोटीला पुळणीवर खेळतात, भातकापणी झाली की मळ्यात खेळतात. अनवाणी पायांत असा चपळपणा की बघत राहावं. पण पाय कुठे वळवायचा, चेंडू यायच्या आधी मान वर करून कुठे बघायचं, हे सांगणारं कुणी नाही. शाळेतले पीटीचे सर कबड्डी, खो-खो, कवायत सगळं एकटे सांभाळतात. सुब्रतो करंडक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीला संघ न्यायचा तर आठवडाभर आधी मुलं गोळा करतात. त्या सरांना मी दोष देणार नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

आपण गावाला दरवर्षी काय पाठवतो? चषक, जर्सी, बक्षिसाची रक्कम, मंडपाला देणगी. मेच्या सुट्टीत स्पर्धा होतात, चाकरमानी येतात, चार दिवस मजा येते. जून लागला की पाऊस आणि शाळा. चषक कपाटात.

यंदा त्या पैशातून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या काही क्रीडाशिक्षकांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी-लायसन्स या प्रशिक्षक-परवान्याच्या अभ्यासक्रमाला पाठवूया, ही माझी मागणी. फी, प्रवास, राहणं-जेवण मंडळाने द्यावं. शिक्षिका असतील तर आधी त्यांना पाठवावं, कारण आपल्याकडे मुलींना सकाळी मैदानावर न्यायला बाई सोबत असली की घरचे सहज सोडतात. अट एकच ठेवू: परतल्यावर त्या शिक्षकाने आपल्याच तालुक्यात निदान काही वर्षं शिकवावं आणि वरच्या वर्गातल्या दोघातिघांना हाताशी धरून तयार करावं. बाहेरून मोठ्या नावाचा प्रशिक्षक महिनाभरासाठी आणायची सूचना समितीत आली होती. माझा तिला विरोध आहे, आणि चीनचं सगळं मी तेवढ्यासाठीच सांगितलं.

मे महिन्याच्या स्पर्धेची देणगी बंद करा असं मी म्हणत नाही. यंदाचा चषक थोडा लहान घेऊया. खजिनदारांकडे अर्ज ठेवले आहेत. तुमच्या गावच्या शाळेचं नाव आणि तिथल्या क्रीडाशिक्षकांचा संपर्क जेवणाआधी लिहून द्या.