गाडी मेली कशाने, तिथून सुरुवात

ही गाडी आता रस्त्यावर परत जाणार नाहीये. बॉनेट दुमडलंय, रेडिएटर मागे सरकून इंजिनला टेकलाय, पुढचं डावं चाक वाकडं होऊन आत बसलंय. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे गेला की विम्यात टोटल लॉसचा शिक्का बसतो आणि मग त्यातले चांगले पार्ट काढून घ्यायला पाना घेऊन माणसं येतात. स्क्रू-नट सगळं धरून मोजलं तर एका गाडीत साधारण ३०,००० पार्ट असतात, त्यातले ठेवायचे कुठले आणि सोडायचे कुठले एवढंच ठरवायचं असतं, पण तिथेच भलेभले गडबडतात.

नवखा माणूस काय करतो, नवीन घ्यायला गेलं तर सगळ्यात महाग काय मिळतं त्याची मनात यादी करतो आणि वरून सुरुवात करतो. इंजिन, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर. मुरलेला मेकॅनिक आधी गाडीभोवती नुसती एक चक्कर मारतो, कशालाच हात लावत नाही, तो बघत असतो की गाडी मेली कशाने. आतून काय चांगलं निघणार हे बरंचसं त्यावरच ठरतं.

ही समोरून ठोकलीये. म्हणजे मागचा माल बहुतेक शाबूत, डिकीचं झाकण, टेललाईट, मागचे दरवाजे, मागचा बंपर. शिवाय धडक बसेपर्यंत गाडी चालत होती, आणि हे फार मोठं सर्टिफिकेट आहे बरं का, कारण गिअरबॉक्स, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, काचा वर-खाली करणाऱ्या मोटारी हे सगळं तोपर्यंत काम करत होतं. आता उलटी केस घ्या, इंजिन जाम होऊन बंद पडलेली गाडी. बाहेरून ओरखडा नाही, कोणी घ्यायला तयार नाही, आणि इंजिन सोडलं तर आतलं जवळजवळ सगळं कामाचं.

सगळ्यात फसवी ती पाण्यात बुडालेली. धुऊन-पुसून अशी चकाचक करून उभी करतात की कळणार नाही, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, रिळाच्या आत गुंडाळलेला जो भाग कधी बाहेर येतच नाही तिथे चिखलाची रेघ सापडते. मग एखादा कपलर म्हणजे वायरींचा जोड उघडायचा, पिनांवर हिरवट थर दिसला की समजायचं पाणी तिथपर्यंत गेलं होतं. अशा गाडीचा पत्रा, काचा, रिम खुशाल घ्या. वायरिंग, सेन्सर, कॉम्प्युटर अजिबात नको, आज चालतील आणि काही महिन्यांनी गंज आतून खाईल. आणि चालू गाडी पाण्यात घातली असेल तर इंजिनही गेलं म्हणूनच धरा, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, सिलेंडरमध्ये पाणी शिरल्यावर पिस्टन वर यायला बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बरं, इंजिनाकडे येऊ, कारण सगळ्यांचा डोळा तिकडेच असतो. ऑइल भरायचं झाकण आता उघडतोय, बघा. आतल्या बाजूला काळपट तेलकट दिसलं तर ठीक, पण पांढरट, चिकट, फेसासारखं काही लागलं असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, बऱ्याचदा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलेलं असतं. थोडासा फेस थंडीत नुसत्या छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही दिसतो, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पण काढायची, तिथेही तसंच असेल तर मग शंका नको. त्यानंतर स्पार्क प्लग काढून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या बोल्टला पाना लावायचा आणि हाताने फिरवायचं. हळूहळू सगळीकडे सारखं फिरलं तर आशा आहे, एका ठिकाणी टक्कन अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटलेला असेल तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह वाकलेले असतात, ते बाहेरून दिसत नाही. सिलेंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज असेल तर उत्तमच, आणि त्यात आकडा किती येतो ते तर बघायचंच, पण त्याहून जास्त हे बघायचं की सगळे सिलेंडर जवळपास सारखे आहेत का, तीन बरोबर आणि एक पडलेला असं निघालं की नाव मोठं लक्षण खोटं.

आणि समजा इंजिन चांगलं निघालं, तरी ते काढायला क्रेन लागते, ठेवायला जागा लागते, आणि तेच मॉडेल वापरणारा, ज्याचं इंजिन गेलंय असा माणूस मिळावा लागतो. हे मला तरी गाडी सोलण्यातलं सगळ्यात दुर्लक्षित गणित वाटतं, काढायला लागणारा वेळ. अल्टरनेटर दोन-तीन बोल्ट, बेल्ट आणि एक-दोन वायरी सोडल्या की बऱ्याच गाड्यांत हातात येतो. टेललाईटही तशीच चटकन निघते. पण डॅशबोर्डच्या आत बसलेली एसीची कूलिंग कॉइल काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि ती आतून पिचलेली असेल तर कळणार कधी, बसवल्यावर. नाकापेक्षा मोती जड.

बॅटरी चालू असेल तर ती काढायच्या आधी सगळं चालवून बघायचं, लाईट, काचा, वायपर, ब्लोअर, आरसे, कारण नंतर एकेक पार्ट टेबलावर वायरी जोडून तपासण्यात दिवस जातो. १९९६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचा सॉकेट असतो, तिथे एरर कोड वाचून घ्यायचे. बॅटरीचं म्हणाल तर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, आणि अशी उतरलेली महिनोन् महिने पडली असेल तर प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती बॅटरी परत धड होत नाही. तरी फेकायची नाही, आत शिसं आहे आणि ते जवळजवळ सगळं परत वापरलं जातं. काढताना निगेटिव्ह टर्मिनल आधी.

आता कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, इथे लोक हमखास फसतात. दिसायला छोटासा डबा, चार स्क्रूत निघतो, पण बऱ्याच गाड्यांत तो चावीतल्या चिपशी आणि इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी, बांधलेला असतो, एकटा नेलात तर दुसऱ्या गाडीत इंजिन सुरूच होणार नाही. न्यायचा तर चावी, लॉक, इमोबिलायझर असा अख्खा सेट न्यायचा, नाहीतर राहू द्यायचा.

मला विचाराल तर खरी कमाई त्या गोष्टींत असते ज्या कोणी बघतच नाही. आरशाचं स्विच, दरवाजाचं हँडल, ग्लव्हबॉक्सचा खटका, प्लास्टिकच्या क्लिपा, जुन्या मॉडेलचे स्क्रू. आणि कपलर. हा बघा हेडलाईटचा कपलर कसा कापलाय, तोंडाशी नाही, मागे वीतभर वायर ठेवून, म्हणजे दुसऱ्या गाडीत जोडताना सांधा मारायला जागा मिळते. कंपनीने मॉडेल बंद केल्यावर काही वर्षांनी इंजिनाचे पार्ट कुठे ना कुठे मिळतात, पण हे असलं किडूकमिडूक मिळत नाही आणि त्यावाचून चांगली गाडी अडून बसते.

टायर घेताना बाजूवर डॉट लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार अंक वाचायचे, २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं होतं. दरवाजाच्या काचा थोडे बोल्ट सोडून येतात, समोरची काच चिकटवलेली असते आणि दोन थरांमध्ये प्लास्टिक असलेली असते, ती न तडकता काढणं म्हणजे कसब आहे, बहुतेक वेळा सोडून द्यावी.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही, फुकट मिळाल्या तरी. एअरबॅग ही स्फोटक वस्तू आहे. तकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल, त्यातलं फुगवायला वापरलेलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडत गेलं आणि फुगताना धातूचे तुकडे माणसांच्या अंगावर उडाले, जगभरात कोट्यवधी परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कुठल्या हवेत किती वर्षं उभी होती हे माहीत नसलेली एअरबॅग दुसऱ्याच्या छातीसमोर बसवायची, हे मला पटत नाही. ठोकलेल्या गाडीचे सीटबेल्टही नकोत, एकदा जोराचा झटका खाल्लेला पट्टा आणि त्याचं कुलूप पुन्हा भरवशाचं नसतं. ब्रेकचे पॅड आणि रबरी पाइप नवीनच घ्यायचे, पॅड दाबणारे कॅलिपर मात्र नीट उघडून, नवीन सील घालून वापरता येतात. शॉकअपची स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय वरचा नट सोडला तर ती उडते.

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी, असेल तर केशरी केबल दिसली की मागे व्हायचं. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये बॅटरीची २८ मॉड्यूल जोडून २०१.६ व्होल्ट होतात, एवढा झटका माणूस मारायला पुरतो. त्यातलं एखादंच मॉड्यूल गेलेलं असतं आणि बाकीची चांगली असतात, म्हणून तर ती बॅटरी मौल्यवान, पण ते काम शिकलेल्या माणसाचं.

खाली सायलेन्सरच्या लाइनमध्ये हा फुगीर डबा दिसतोय तो धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा थर असतो, जेमतेम काही ग्रॅम, पण त्यासाठी लोक उभ्या गाड्यांखाली घुसून तो कापून नेतात. त्यामुळे हा काढला तर गाडीचे कागद त्याच्यासोबत ठेवायचे. एसीचा गॅस मात्र हवेत सोडायचा नाही, आर १३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो, मशिनने ओढून घ्यायचा.

निघालेल्या प्रत्येक पार्टवर मार्करने मॉडेल, वर्ष, बाजू लिहायची, आणि डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून, समोर उभं राहून नाही, नाहीतर कपाटातले निम्मे आरसे उलटे निघतात. स्टिकरवरच्या पार्ट नंबरचा फोटोही काढून ठेवायचा, एकाच मॉडेलमध्ये मधेच कधीतरी कपलर बदललेला असतो आणि दिसायला दोन्ही सारखेच.

उरतो तो सांगाडा. गाडीच्या वजनात साधारण दोन तृतीयांश लोखंड आणि पोलाद असतं, ते श्रेडरमध्ये जातं आणि चुंबकाने वेगळं होतं. युरोपियन युनियनने २००० साली नियमच केला आणि २०१५ पासून गाडीच्या वजनातलं ९५ टक्के परत उपयोगात आलं पाहिजे असं ठरवलं. सांगाडा जाताना नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आला पाहिजे. कोणी अनोळखी माणसाने तेवढा चेसिस नंबराचा पत्रा कापून मागितला तर सरळ नाही म्हणायचं, चोरीच्या गाडीवर तोच चिकटवतात.