ओढ्याकाठचं पुस्तकांचं राज्य

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमधून वेल्समध्ये जाताना पासपोर्ट दाखवावा लागत नाही. फाटक नाही, पोलीस नाही, बहुतेक ठिकाणी रस्त्याकडेची एक पाटी तेवढी दिसते. हे-ऑन-वाय या गावाच्या वेशीवर तर ही सरहद्द डलस नावाच्या एका लहानशा ओढ्यातून जाते. ओढ्याच्या एका काठाला वेल्समधलं हे गाव, दुसऱ्या काठाला इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधलं कसप नावाचं खेडं. गप्पा मारत पूल ओलांडला तर आपण देश बदलला हे लक्षातही येत नाही.

लक्षात येतं ते नंतर, बारीकसारीक गोष्टींतून. वेल्सच्या बाजूला रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत, वेल्श आणि इंग्रजी. २०२३पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांच्या वर गाडी न्यायची नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना वेल्समध्ये २००७पासून पैसे पडत नाहीत, इंग्लंडमध्ये बहुतेकांना पडतात. कोविडच्या काळात तर ओढ्याच्या दोन काठांवर दोन सरकारांचे दोन नियम चालले. आणि जुनी गोष्ट सांगायची तर १८८१ साली कायदा झाला आणि वेल्समधले पब रविवारी बंद झाले. सरहद्दीवरच्या गावांना त्याचा फारसा त्रास झाला नसावा, एवढंच म्हणतो.

गाव केवढं? दोन हजारांच्या आतली वस्ती. मधोमध टेकाडावर किल्ला, त्याच्या पायाशी उतरत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, एक घड्याळाचा मनोरा, लोण्याच्या बाजाराची एक जुनी इमारत, चीजच्या बाजाराची दुसरी. खाली वाय नदी. तासाभरात सगळं पायाखालून जातं. पण जगभरच्या वाचकांना हे नाव ठाऊक आहे, कारण एवढ्याशा गावात जुन्या पुस्तकांची वीसेक दुकानं आहेत. एके काळी ती तिसाच्या वर होती.

या दुकानांकडे वळण्याआधी किल्ल्यात जाऊ या, कारण पुढचा सगळा तमाशा किल्ल्याशिवाय कळायचा नाही.

अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पण वेल्स त्यांना एका दमात जिंकता आलं नाही. मग सरहद्दीच्या पट्ट्यात राजाने सरदार बसवले आणि त्यांना मोकळीक दिली: किल्ले बांधा, स्वतःची न्यायालयं चालवा, वेल्श राजांशी परस्पर लढाया करा. इंग्लंडच्या राजाचा हुकूम या पट्ट्यात धड चालत नसे. इथल्या सरदारांत विल्यम द ब्रोस हा एक बडा आणि क्रूर माणूस. ११७५च्या नाताळात त्याने वेल्श सरदारांना ॲबरगॅव्हेनीच्या गढीत मेजवानीला बोलावलं आणि जेवायला आलेल्यांची कत्तल केली.

पण गावाच्या आठवणीत विल्यम नाही, त्याची बायको मटिल्डा आहे. लोककथेत ती राक्षसीण होते. एका रात्रीत तिने किल्ला उभा केला, ओच्यातून दगड वाहून आणले, त्यातला एक खडा तिच्या जोड्यात गेला, तो तिने वैतागून भिरकावला आणि नदीपलीकडे लोवेस नावाच्या खेड्याच्या देवळापाशी पडला. तो खडा म्हणजे माणसाहून उंच कोरीव शिळा आहे आणि आजही त्या चर्चमध्ये उभी आहे.

खरी मटिल्डा या कथेपेक्षा मोठी होती. १२०८ साली जॉन राजाने तिचा मुलगा ओलीस मागितला. ज्याने स्वतःच्या पुतण्याला मारलं त्या राजाच्या हाती मी माझी मुलं देणार नाही, असं तिने राजाच्या माणसांना तोंडावर सांगितलं, असं तेव्हाचे बखरकार लिहितात. पुतण्याच्या खुनाचा संशय सगळ्यांनाच होता, बोलली ती एकटी. १२१०मध्ये राजाने तिला आणि तिच्या थोरल्या मुलाला तुरुंगात अन्नपाण्यावाचून मारलं. पुढे १२१६ साली त्याने हे गावही जाळलं, आणि पंधरा वर्षांनी वेल्श राजा लिवेलिनने पुन्हा जाळलं. दोन्ही बाजूंनी जळणारं गाव, सरहद्दीवरच्या गावाचं नशीबच ते.

आता उडी घेऊ या थेट १९६२ सालात. त्या वर्षाच्या अखेरीस गावाची रेल्वे बंद झाली. शेतीत माणसांची गरज कमी होत होती, तरुण पोरं बाहेर चालली होती. अशा वेळी ऑक्सफर्डला शिकून आलेल्या रिचर्ड बूथ नावाच्या तरुणाने अग्निशमन दलाच्या जुन्या जागेत जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं. पुस्तकं आणायची कुठून? जुने वाडे मोडीत निघत होते, त्यांची ग्रंथालयं विकायला निघत. अमेरिकेतली ग्रंथालयं बंद होत, तिथून तो जहाजाच्या कंटेनरांतून माल आणी. गावातल्या कामगारांना कामावर ठेवी. गावचं सिनेमागृह बंद पडलं, त्यात पुस्तकं भरली. किल्लाही त्याने विकत घेतला. त्याचं पाहून इतरांनी दुकानं काढली. जे गाव मेंढ्यांच्या बाजारावर जगत होतं ते पुस्तकांच्या बाजारावर जगू लागलं.

१ एप्रिल १९७७ रोजी बूथने जाहीर केलं की हे-ऑन-वाय हे आजपासून स्वतंत्र राज्य आहे आणि मी त्याचा राजा. पंतप्रधान म्हणून आपल्या घोड्याची नेमणूक केली. पासपोर्ट छापले. सरदारक्या विकायला काढल्या. तारीख पाहिलीत ना? पण थट्टेच्या आत राग खरा होता. बाहेरून येणाऱ्या सरकारी विकास मंडळांवर, पर्यटन खात्यावर, मोठ्या दुकानांवर तो मनापासून चिडलेला होता. लहान गावाने आपल्या पायावर उभं राहावं, हे त्याचं म्हणणं. मला तर वाटतं, सरहद्दीवर राजाचा हुकूम न मानणाऱ्या सरदारांच्या किल्ल्यात बसून त्याने हे करावं, हे अगदी शोभून दिसलं. पुढे गावातल्याच काही लोकांनी २००९ साली राजाच्या बाहुल्यावर खटला भरून त्याचा शिरच्छेद केला, म्हणजे राज्यक्रांतीही रीतसर झाली. बूथ २०१९मध्ये वारला. किल्ला त्याआधीच, २०११ साली, एका न्यासाने घेतला होता. डागडुजी होऊन तो २०२२मध्ये लोकांसाठी उघडला. त्याच्या वेशीतलं मध्ययुगीन लाकडी दार अजून जागेवर आहे, ते जरूर पाहा.

दुकानांत काय मिळतं? सगळं, आणि शोधताय ते सोडून. कवितेचं एक वेगळं दुकान, रहस्यकथांचं वेगळं, नकाशांचं वेगळं. बूथच्या नावाचं मोठं दुकान लायन स्ट्रीटवर, लाकडी जिन्याचं. अप्पा बळवंत चौकात पुस्तक मागताच दुकानदार माळ्यावरून काढून देतो, तशी इथे सोय नाही. इथे आपणच गुडघे टेकून खालचा कप्पा पाहायचा. भारतावरच्या पुस्तकांचा कप्पा बहुतेक दुकानांत असतो. शिकारकथा, फौजी अधिकाऱ्यांच्या आठवणी, जुनी प्रवासवर्णनं. आपल्या मुलखाविषयी दुसऱ्यांनी काय काय लिहून ठेवलंय हे बघत उभं राहिलं की दुपार निघून जाते. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर मांडलेली फडताळं आहेत. तिथे विक्रेता नसतो, पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे.

याच्या अगदी उलट चित्र वीस मैलांवर, हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये. तिथल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकं साखळदंडांनी कपाटाला बांधलेली आहेत, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. तिथेच इसवी सन १३००च्या सुमाराचा जगाचा नकाशा आहे, एका अखंड कातड्यावर काढलेला. पूर्व वरच्या बाजूला, जेरुसलेम मध्यभागी, आणि आपला भारत वरच्या टोकाकडे. ब्रिटन बिचारं खालच्या कोपऱ्यात दबलेलं. या गावाला जाताना हेरफर्ड वाटेवरच लागतं, तेव्हा चुकवू नका.

आपल्याकडे महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे गाव २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, ते याच गावाचं उदाहरण समोर ठेवून. मला दोन्ही गावं आवडतात, पण त्यांना एका माळेत ओवणं पटत नाही. भिलारला शासनाने, राज्य मराठी विकास संस्थेमार्फत, पुस्तकं दिली. गावकऱ्यांनी आपल्या ओसऱ्या आणि खोल्या उघडून दिल्या. येणाऱ्याने फुकट बसून वाचायचं, चहा हवा तर मागायचा. तिथे गावाचं पोट स्ट्रॉबेरीवर चालतं, पुस्तकं हा पाहुणचार. वेल्समधल्या गावात पुस्तक हा माल आहे. सरकारला शिव्या देत एका व्यापारी डोक्याच्या माणसाने ते उभं केलं आणि भाडं भरता आलं नाही की दुकान बंद होतं. साहित्यप्रेमाने गाव जगवलं असं तिथले दुकानदार तरी म्हणणार नाहीत. ते म्हणतील, जुन्या मालाला गिऱ्हाईक मिळालं म्हणून जगलो. मला ही रोकडी भाषा आवडते.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस इथे मोठा साहित्य महोत्सव भरतो, १९८८पासून. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनही २००१ साली येऊन गेले. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव विचारू नयेत. पुस्तकं चाळायची असतील तर ते दिवस टाळा, सप्टेंबरात जा. गुरुवारी गेलात तर आठवडी बाजारही भेटेल.

आणि गावात एक खुनाची गोष्ट आहे, ती ऐकल्याशिवाय सुटका नाही. हर्बर्ट आर्मस्ट्राँग हा इथला सॉलिसिटर, म्हणजे वकील, राहायला ओढ्यापलीकडे कसपला. १९२१ साली त्याची बायको वारली. काही महिन्यांनी त्याने समोरच्या कचेरीतल्या प्रतिस्पर्धी वकिलाला चहाला बोलावलं आणि एक स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचा छोटा पाव, स्वतःच्या हाताने उचलून त्याच्यापुढे केला. चिमट्याशिवाय हाताने देतोय, माफ करा, असंही म्हणाला म्हणतात. पाहुणा रात्री आजारी पडला. पाहुण्याचा सासरा गावातला औषधविक्रेता, आणि आर्मस्ट्राँगने तण मारायला म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, त्याच्याकडूनच नेलेला. संशय आला, बायकोचं प्रेत उकरलं, त्यात सोमल सापडला. यातला भयंकर आणि तितकाच हास्यास्पद भाग असा की पोलीस गुपचूप तपास करत होते तेवढे आठवडे आर्मस्ट्राँग रोज चहाचं आमंत्रण धाडत होता आणि समोरचा बिचारा रोज नवी सबब शोधत होता. १९२२मध्ये आर्मस्ट्राँगला फाशी झाली. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी गेलेला तो एकमेव सॉलिसिटर. तो निर्दोष होता असं मानणारे आजही आहेत.

गावाबाहेर पडल्यावर दक्षिणेला ब्लॅक माउंटन्सची भिंत उभी दिसते. तिचं गावाकडचं टोक म्हणजे ‘हे ब्लफ’ नावाचं शिखर, ६७७ मीटर उंच. आपल्या सह्याद्रीसारखे कडे नाहीत. गवताळ, वाऱ्याने झोडपलेला माथा आणि मोकाट चरणारे टट्टू. माथ्याजवळून ऑफाज डाइक पाथ ही १७७ मैलांची पायवाट जाते. ती बरंच अंतर थेट सरहद्दीवरून चालते, एक पाय इंग्लंडात, एक वेल्समध्ये. गाडीने जायचं तर गॉस्पेल पास, वेल्समधली सर्वांत उंचावरची खिंड. रस्ता एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने मागे जायचं, आणि तो एक बहुधा पाहुणाच असतो.

खिंड उतरलं की लॅन्थनीच्या जुन्या मठाचे अवशेष येतात. डोंगरांच्या कुशीत छप्पर नसलेल्या कमानींची रांग, आणि एका बाजूला मठाच्याच जुन्या इमारतीत चालणारी खाणावळ. बाराव्या शतकातल्या तळघरात बसून गरम सूप मिळतं, यापेक्षा मठाचा चांगला उपयोग मला सुचत नाही.

वाय नदीबद्दल मात्र गोड बोलता येत नाही. तिच्या खोऱ्यात आज सुमारे दोन कोटी कोंबड्या पाळल्या जातात. त्यांच्या खतातलं फॉस्फेट शेतांतून वाहत नदीत येतं, उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळ माजतं, आणि एके काळी सामन माशासाठी नावाजलेल्या नदीत तो मासा फार कमी झालाय. स्थानिक लोक स्वतः पाण्याचे नमुने घेऊन तपासतात, न्यायालयात जातात, भांडतात. त्यातही सरहद्दीची गोम आहेच: नदीचा काही भाग वेल्सच्या पर्यावरण खात्याकडे, काही इंग्लंडच्या.

जायचं कसं? लंडनहून रेल्वेने हेरफर्ड, तीन तासांच्या आसपास, आणि तिथून पुढे बसने साधारण तासभर. बसच्या वेळा आधी पाहून ठेवा, संध्याकाळी लवकर संपतात. आणि विमानाच्या सामानाचं वजन धरून पुस्तकं घ्या, म्हणजे विमानतळावर बॅग उघडून कपडे कमी करायची पाळी येणार नाही.

नमस्कार.