प्रयोग सुटल्यावरचं बोलणं

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'पॉडकास्ट : शहराच्या कलाजीवनाचा नवा आवाज'. हे शीर्षक मी दिलेलं नाही, आणि यात नवं काही आहे असं मला वाटतही नाही. मी जे करते ते पुण्यात लोक कित्येक पिढ्या करत आलेत. फक्त ते हवेत विरून जायचं.

प्रयोग सुटल्यावर बालगंधर्वच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा. एक गृहस्थ स्कूटरला किल्ली लावून तशीच ठेवतात आणि बायकोला म्हणतात, "दुसरा अंक कापला असता ना, तर नाटक कुठच्या कुठे गेलं असतं." ती म्हणते, "दुसऱ्या अंकातच तर ती बाई खरं बोलायला लागते. तुमची तेव्हा डुलकी चालली होती." मग दहा मिनिटं भांडण. या भांडणात जेवढी समीक्षा असते तेवढी मला बऱ्याचदा छापील परीक्षणात सापडत नाही. ते बोलणं पकडून ठेवावं म्हणून मी पॉडकास्ट सुरू केला. खरं तर आधी फोनच पुढे केला होता. गृहस्थ म्हणाले, "बाई, आधी तो बंद करा."

आपल्याकडे कलेबद्दल जाहीरपणे बोलायचे दोनच सूर आहेत. एक सत्काराचा, दुसरा श्रद्धांजलीचा. कलाकार हयात असेल तर शाल-श्रीफळ, गेला की 'पोकळी निर्माण झाली'. मधला जो मोठा काळ असतो, ज्यात माणूस तालमी करतो, पडतो, पुन्हा उभा राहतो, त्याबद्दल बोलायला जागाच नाही. वर्तमानपत्रांत पूर्वी नाटकाचं सविस्तर परीक्षण यायचं, मैफलीचं यायचं. आता बातमी येते, फोटो येतो. स्थानिक पॉडकास्टला काही काम असेल तर ते या मधल्या जागेत आहे.

आता थोडं मागे जाते. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. त्याच वर्षी भीमसेनजींनी गुरूंच्या पहिल्या पुण्यतिथीला जो उत्सव केला, त्याचा पुढे सवाई गंधर्व महोत्सव झाला. एकाच वर्षात शहराला ऐकायच्या दोन जागा मिळाल्या, एक मांडवातली आणि एक घरातली. दीड-दोन वर्षांनी, १९५५ च्या रामनवमीला, याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, एकूण छपन्न. माझी आजी सांगायची, गाणं लागलं की शेजारच्या तीन बिऱ्हाडांतल्या बायका रेडिओसमोर वही घेऊन बसायच्या, शब्द उतरवून घ्यायला. एकीची ओळ सुटली तर दुसरीच्या वहीतून. आता सांगा, ठरलेल्या दिवशी येणारी मालिका, गावातल्याच लोकांनी केलेली, आणि ऐकणारे तिच्यात गुंतलेले. पॉडकास्ट म्हणजे आणखी काय असतं? हा शब्द २००४ साली इंग्रजी वर्तमानपत्रात पहिल्यांदा आला. वह्या त्याच्या पन्नास वर्षं आधीच्या.

फरक आहे, तो सांगते. रेडिओवाल्यांना घड्याळ होतं. आम्हाला नाही. त्यामुळे आमच्यातले निम्मे लोक दोन-दोन तासांचे भाग करतात आणि त्याला 'मनमोकळ्या गप्पा' म्हणतात. मीही केलेत. पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ गायकांशी दोन तास चाळीस मिनिटं बोलले. त्यातली पहिली पन्नास मिनिटं त्यांनी घराण्याची वंशावळ सांगितली. माझ्या आईने सोडून कोणी तो शेवटपर्यंत ऐकला असेल असं वाटत नाही, आणि आईनेही ऐकल्याचं नुसतं सांगितलं असावं. लांबी ही आमच्या माध्यमातली सवलत आहे, तिला आम्ही गुण समजून बसलोय.

मग मी कापायला शिकले. 'म्हणजे काय आहे ना', 'आपलं ते हे' कापलं. त्यातही एकदा चुकले. एक निवृत्त रंगभूषाकार होते, पन्नासेक वर्षं दाढ्या-मिशा चिकटवलेला माणूस. त्यांना विचारलं, "काका, चेहरा रंगवताना कधी रडू आलं का?" ते गप्प बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "एकदा." पुढे सांगितलं ते त्या भागात आहेच. पण मधली शांतता मी काढून टाकली, कारण ऐकणाऱ्याला वाटेल फोन अडकला. भाग आल्यावर त्यांचा फोन आला. "ताई, सगळं छान. पण माझं थांबणं कुठे गेलं?" नाटकवाल्याचा पॉज कापणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तो भाग उतरवून, शांतता परत घालून, मी पुन्हा चढवला.

संगीताच्या भागात वेगळी पंचाईत. लोक म्हणतात, "अहो, नुसतं बोलता काय, गाणं वाजवा की." वाजवता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्दांवर आणि चालीवर कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरीपर्यंत मोकळे होत नाहीत. समीक्षेसाठी थोडं उद्धृत करायची मुभा कायद्यात आहे. पण आम्ही जिथे भाग चढवतो तिथे न्यायाधीश बसलेला नाही, यंत्र बसलंय. त्याला चाल ओळखता येते, हेतू ओळखता येत नाही. दोनदा माझा भाग असा मुका झाला. शेवटी नाद सोडला. आता गायिकेलाच सांगते, तानपुरा लावा, पारंपरिक बंदिश घ्या, आणि ती तुम्हाला शिकवताना गुरूंनी कुठे टोकलं तेवढंच गाऊन दाखवा. एकीने मुखडा तीनदा घेतला, दोनदा चुकीचा आणि एकदा बरोबर. रेकॉर्ड लावून हे साधलं नसतं. तेव्हा कायद्याने आमचं बरंच केलं म्हणायचं.

आता जे अवघड आहे त्याकडे येते. हे शहर मोठं झालं, पण त्याचं नाटकाचं गाव लहानच आहे. ज्याच्या नाटकाबद्दल मी शुक्रवारी 'जमलं नाही' म्हणते, तो शनिवारी सुदर्शनला, त्या छोट्या नाट्यगृहात, माझ्या पुढच्या रांगेत बसलेला असतो. मुंबईच्या समीक्षकाला गर्दीत हरवता येतं. इथे चहाला एकच टपरी. म्हणून इथले पॉडकास्ट हळूहळू गोड होत जातात. प्रत्येक पाहुणा 'माझा लाडका मित्र', प्रत्येक नाटक 'चुकवू नये असं'. मग ऐकणाऱ्याला कळतं की हे लोक एकमेकांशी बोलतायत, आपल्याशी नाही.

२०२२ चा पुरुषोत्तम करंडक आठवतोय ना, कॉलेजच्या मुलांची एकांकिका स्पर्धा? कोरोनाची दोन वर्षं मध्ये गेलेली, मुलं उपाशी असल्यासारखी भरत नाट्य मंदिरात आलेली, 'अरे आवाज कुणाचा'ने छप्पर हलतंय, आणि परीक्षकांनी निर्णय दिला की करंडक कोणालाच नाही. १९६३ पासून चालत आलेली स्पर्धा ती. गावात दोन तट पडले. कोणी म्हणालं, दर्जा सांभाळला. कोणी म्हणालं, पोरांच्या तोंडचा घास काढला. आम्हाला सगळे म्हणाले, परीक्षकांना बोलवा, भांडण लावा, भाग धावेल. धावलाही असता. मी तीन संघांतली बॅकस्टेजची मुलं बोलावली. नेपथ्य लावणारी, म्युझिक देणारी, स्पॉट धरणारी. त्यांना विचारलं, "तुमच्या एकांकिकेत काय फसलं होतं?" आणि मुलं घडाघडा बोलली. एकजण म्हणाला, "मॅडम, आम्ही शॉट लावत होतो, सीन नाही. रंगमंचावर क्लोजअप नसतो हे आम्हाला प्रयोगात कळलं." परीक्षक चूक की बरोबर, याबद्दल त्या भागात एक वाक्य नाही. पण त्या मुलांमधले दोघे आज स्वतः दिग्दर्शन करतात, आणि तालमीला मला बोलावतात. माझ्याकडून कौतुक मिळणार नाही हे माहीत असूनही बोलावतात.

बालगंधर्व पाडून नवं बांधायचं की जुनंच राखायचं, या वादातही हाच अनुभव. १९६८ ची ती वास्तू. ज्यांच्या नावाची, त्या नारायणरावांच्याच हस्ते पायाभरणी झालेली. त्यामुळे बोलणारा प्रत्येक जण गहिवरून बोलतो. मी नेपथ्याचे ट्रक खाली करणाऱ्या मंडळींना विचारलं. ते म्हणाले, "जुनं ठेवा नाहीतर नवं करा. ट्रकची फळी रंगमंचाच्या पातळीला लागली पाहिजे, आणि रात्री एक वाजता सामान भरताना कोणी दिवे मालवू नयेत." एका अभिनेत्रीने फक्त मेकअप रूमपासून स्वच्छतागृहाचं अंतर सांगितलं, पावलांत. गहिवर कुठेच नव्हता. इमारतीबद्दल इतकं नेमकं मी त्या वादात दुसरीकडे ऐकलं नाही.

आता माझाच एक दोष. पहिली दीड वर्षं माझा माइक टिळक रोडच्या दोन किलोमीटर पलीकडे गेला नाही. सदाशिव, नारायण, शनिवार, आणि धाडस केलं तर डेक्कन. हडपसरच्या एका मुलीने लिहिलं, "तुमच्या पुण्यात आम्ही राहतो का?" बोचलं. मग आर्यभूषण या तमाशाच्या थिएटरला गेले. तिथल्या एका बाईंनी पहिल्यांदा सांगितलं, "ताई, आधी बसा, चहा घ्या, मग ते यंत्र काढा." ढोलकी सुरू झाली आणि माझ्या चिमुकल्या माइकने जीव टाकला, नुसता खरखराट. शेवटी तो दाराबाहेर नेऊन ठेवला. तिथून ढोलकी, घुंगरं आणि रस्त्यावरची रिक्षा असं सगळं मिळून जे आलं, ते आमचं आजवरचं सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रण आहे. तेव्हापासून चिंचवडला मराठी रॅप करणारी पोरं, लग्नसराई संपल्यावर ब्रास बँडमधले क्लॅरिनेटवाले काय वाजवतात, असं करत हिंडतेय. सदाशिव पेठेतले काही जुने श्रोते गळाले. 'पूर्वीची मजा नाही' असं कळवून गळाले, हे विशेष.

श्रोते किती, असं नेहमी विचारतात. बऱ्या भागाला सुदर्शन चार-पाच वेळा हाउसफुल्ल होईल इतके. जाहिरात मिळत नाही. एकदा मिळाली, मसाल्यांची, आणि तीही कुमार गंधर्वांवरच्या भागात. नको म्हणायचा धीर झाला नाही. मसाला चांगला होता.

प्रश्नांसाठी पाच मिनिटं आहेत असं अध्यक्ष खुणावतायत. ...हो आजी, बोला. कुठे लागतं? रेडिओवर नाही लागत हो, फोनवर लागतं. नातवाला सांगितलंत तर... नातू पुण्यात नसतो? बरं. मग तुम्ही असं करा, खाली चहाच्या टेबलापाशी फोन घेऊन या, मी लावून देते. रंगभूषाकार काकांचा लावू का? त्यात मध्ये एका ठिकाणी आवाज थांबतो. बंद पडलं असं समजू नका, थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवा.